काकांचं पाणी आणि मानसीची आमसुलं

फसलेला प्रयोगसुद्धा वहीत लिहायचा असतो, असं मी मुलांना गेली बावीस वर्षं सांगतोय. मुलं लिहीत नाहीत. मग तो प्रयोग चहाबरोबर सांगितला जातो, दुसऱ्या दिवशी त्याला थोडं मीठमसाला लागतो आणि आठवडाभरात त्याचा किस्सा होतो! आमच्या देवरूखच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असे किस्से इतके साठलेत की कपाटात ठेवायचे म्हटले तर काचसामान बाहेर काढावं लागेल. त्यातले हे काही, एकाच वर्षातले. सगळे चांदीचे.

चांदीचे म्हणजे काय ते आधी सांगतो. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण दिसायला पाण्यासारखं असतं. त्यात एखाद्या झाडपाल्याचा काढा घातला, की काढ्यातली द्रव्यं त्या चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करतात. नॅनोकण! विषारी रसायनं नकोत, भट्टी नको. पाला आणा, उकळा, गाळा, मिसळा. याला ग्रीन सिंथेसिस म्हणतात. आमच्यासारख्या लहान लॅबला हे संशोधन फार मानवतं, कारण कोकणात पाल्याला तोटा नाही.

*

आमचे लॅब अटेंडंट रघूकाका. चौतीस वर्षं नोकरी, त्या मे महिन्यात रिटायर होणार होते. मी या लॅबमध्ये आलो तेव्हा मला बर्नर कुठे आणि मोरी कुठे हे त्यांनीच दाखवलं होतं. पुढे मी विभागप्रमुख झालो, पण लॅब त्यांचीच राहिली.

पहिल्यांदा आमचे चांदीचे कण तयार झाले तेव्हा मी हौसेने त्यांना बाटली दाखवली.

"काका, यात चांदीचे कण आहेत."

काकांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. "दिसत तर काय नाय."

"डोळ्यांना दिसतच नाहीत ते. एका केसाच्या जाडीत हजारो मावतील."

"मग हायत कशावरना?"

"रंगावरून! आधी पाण्यासारखं होतं, आता पिवळट तपकिरी झालं. म्हणजे चांदी झाली."

काकांनी बाटली हळूच खाली ठेवली. दाराकडे एकदा बघून घेतलं.

"सर, चांदी घातली नि ती पिवळी पडली, ह्या तुमी बाजारपेठेत बोलू नका. सोनार आपल्याला दारात उभा करायचा नाय!"

*

ग्रीन सिंथेसिसची एक अडचण कुठल्याच पुस्तकात दिलेली नाही. यातला निम्मा कच्चा माल खाण्यासारखा असतो!

जूनमध्ये बॉटनीच्या जगताप मॅडमनी आमच्यासाठी जांभळं आणली. मॅडम मूळच्या साताऱ्याच्या, दहा वर्षं कोकणात असूनही आमटीला चिंच घालणाऱ्या, पण झाडांच्या बाबतीत शब्दाच्या पक्क्या. टपोरी, एकसारखी जांभळं निवडून, काचेच्या ताटलीत मांडून त्यांनी वर चिठ्ठी लावली, "नमुना क्रमांक चार". आणि त्या तासाला गेल्या.

परत येऊन बघतात तो ताटलीत फक्त बिया. समोर एमएस्सीची मुलं, जिभा जांभळ्या.

"अरे, नमुना कुठंय?"

"मॅडम, बिया ठेवल्यात ना," एक मुलगी गरिबासारखं तोंड करून म्हणाली, "धुऊन ठेवल्यात!"

मॅडमना गर हवा होता.

मी चिडलो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दुपारी जाड अक्षरात पाटी करून घेतली, "लॅबमध्ये कोणताही पदार्थ चाखू नये". काकांनी ती दारासमोरच्या भिंतीवर, येता-जाता दिसेल अशी लावली. ही पाटी पुढे मलाच भोवायची होती.

*

रघूकाकांचा जीव कशात असेल तर तो डिस्टिल्ड पाण्यात.

लॅबच्या कोपऱ्यात काचेचं एक जुनं यंत्र आहे. पाणी उकळतं, वाफ थंड होते, शुद्ध पाणी थेंबाथेंबाने खालच्या बाटलीत जमतं. काका सकाळी सर्वांच्या आधी येऊन ते चालू करत. पहिलं अर्धा लिटर पाणी ओतून देत. दर सोमवारी परीक्षा. परीक्षा सोपी असते. पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. पाण्यात मिठाचा अंश जरी असला तरी ते दुधासारखं पांढरं होतं, नसला तर जसंच्या तसं राहतं.

"चौतीस वर्सात माजा पानी एकदाय पांढरा झाला नाय," काका सांगायचे. हे ते नव्या प्राध्यापकांना सांगायचे, पाहुण्यांना सांगायचे, एकदा तर लॅबमध्ये चुकून आलेल्या पोस्टमनलाही सांगितलं.

एकदा प्राचार्यच बाटली घेऊन आले. "काका, गाडीच्या बॅटरीला जरा डिस्टिल्ड वॉटर द्या की."

काकांनी बाटली घेतली, पुसली आणि रिकामीच परत दिली.

"साहेब, ह्या पानी पोरांच्या प्रयोगाचा. बॅटरीचा पंपावर मिळता!"

प्राचार्य मुकाट पंपावर गेले.

*

आता मानसी. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची, देवरूखपासून तासाभरावरच्या डोंगरातल्या वाडीची. वडील मुंबईत कंपनीत होते, त्याच उन्हाळ्यात नोकरी सोडून घरी आले होते. एसटीने येणार, शेवटच्या एसटीने जाणार, मधल्या वेळात मान वर करणार नाही अशी मुलगी. तिने प्रोजेक्टला विषय घेतला कोकमाचा. घरामागेच झाड, आईच्या हातची आमसुलं, म्हणजे कच्च्या मालाचा प्रश्न मिटला.

रंग मोजायचं आमचं यंत्र म्हातारं आहे. चांदीचे कण झाले असतील तर त्याच्या आलेखात चारशेवीस नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा येतो.

"सर, पण चारशेवीस आलं म्हणजे आमच्याकडं माणसाला आत टाकतात!" जगताप मॅडम म्हणाल्या.

खंडेनवमीला लॅबमधल्या उपकरणांची पूजा झाली आणि काकांनी यंत्रासमोर उभं राहून रीतसर गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या आमच्या पोरीचा डोंगुर चारशेवीसाला येवंदे..."

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली.

"काय चुकला-माकला असंल तं पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"नि प्रयोग पुरा होयसवर लाईट जावंदे नको..."

"व्हय म्हा..." आणि लाईट गेली!

काका शांतपणे वळले. "देव बोलतोय, आदी जेवून घ्या."

दसऱ्यानंतर मानसीने प्रयोग केला. काकांचं पाणी, आईची आमसुलं. फिकट गुलाबी काढा चांदीच्या द्रावणात पडला आणि तासाभरात बाटली सुंदर तपकिरी झाली. आलेखातला उंचवटा चारशेएकवीसवर. मानसी हसली. तिला दात दिसेपर्यंत हसताना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

*

विज्ञानात एकदा झालेलं झालेलं धरत नाहीत. निदान तीनदा व्हावं लागतं.

दिवाळीनंतर मानसी आमसुलांचा नवा डबा घेऊन आली. तोच काढा, तेच प्रमाण. चांदीच्या द्रावणात काढा ओतला, आणि बाटलीत क्षणात दाट, पांढरट गुलाबी ढग उतरला.

जगताप मॅडम डोकावल्या. "सर, ही तर सोलकढी! कोथिंबीर आणू?"

सगळे हसले. मी नाही हसलो. पांढरा साका दिसला आणि माझं निदान झालं. मीठ! चांदीच्या द्रावणात मीठ गेलं की असंच होतं, हे बारावीच्या पोरालाही येतं. आणि मीठ येणार कुठून? पाण्यातून!

अठरा मुलं समोर होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "काका, रिटायर व्हायच्या आधीच पाण्याकडे बघायचं सोडलंत का?"

काका कोपऱ्यात गेले, यंत्राचं बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर यंत्र धुऊन, पुसून, वर पंचा टाकून ठेवलेलं.

दोन थेंब. त्यांच्या पाण्यात दोन थेंब टाकून बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी टाकले नाहीत! केमिस्ट्रीचा मास्तर मी, आणि परीक्षा न घेता निकाल लावून मोकळा झालो.

रत्नागिरीहून डिस्टिल्ड पाण्याचे कॅन मागवले. पुन्हा सोलकढी. म्हणजे पाण्याचा दोष नव्हता. तेव्हा तरी मी शहाणं व्हावं की नाही? मी म्हणालो, भांडी नीट धुतलेली नसतील. भांडी कोण धुतं? काकाच!

फेब्रुवारीपर्यंत सोलकढी चालू होती. मानसी वाळत चालली. काका सगळी कामं पूर्वीसारखीच करायचे. फक्त एक बदललं. पूर्वी अकराच्या सुमाराला लॅबच्या दारातून हाक यायची, "सर, चला, चाय निवता!" आता ते न बोलता माझ्या टेबलावर ग्लास ठेवून जायचे. माझं लक्ष जाईपर्यंत चहा गार झालेला असायचा.

चूक कबूल करायला एक वाक्य पुरतं. ते मला येत होतं, पण खुर्चीवरून ते तोंडाबाहेर पडेना. मी गार चहा पीत राहिलो.

*

एप्रिलच्या शेवटी मानसीच्या आईचा निरोप आला. कोकमं उतरलीत, सरांनी जेवायला यावं, झाडही बघावं. रिपोर्टला झाडाचा फोटो हवाच होता. वाट काकांना माहीत, म्हणून त्यांना मोटरसायकलवर मागे बसवलं. तासभर आमचं बोलणं झालं ते एवढंच, "डावीकडं, सर." "उजवीकडं, सर."

खळ्यात चटईवर लालभडक सालं वाळत पडली होती. मानसीची आई पातेल्यात कोकमाचा रस घेऊन बसली होती. आम्हाला बघून ती उठली, पाणी दिलं, गूळ दिला आणि हातातलं काम वाया जाऊ नये म्हणून पुन्हा बसली. शेजारच्या परातीतून तिने ओंजळभर काहीतरी घेतलं आणि रसात टाकलं.

जाडं मीठ.

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. आमसुलात मीठ असतं! मी जन्मापासून कोकणात. मानसी कोकणातली, काका कोकणातले, ती अठरा मुलं कोकणातली. रोजच्या आमटीत आमसूल खाणारे आम्ही सगळे. आमसुलात मीठ असतं हे आम्हाला इतकं ठाऊक होतं, की ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि चाखून बघावं तर भिंतीवर माझी पाटी!

"ताई," मी विचारलं, "मानसीच्या डब्यातल्या आमसुलांनाही मीठ लावलेलं होतं?"

ती कानकोंडी झाली.

"सर, तो पैला डबा अजून माज्या मनाला लागून ऱ्हायलाय बगा. ह्यांना बीपी, डाक्टरनी मीठ बंद केलान. म्हणून ह्यांच्यापुरती थोडी अळणी आमसुला केलेली. घाईत तीच हाताला आली नि पोरीच्या डब्यात गेली. कॉलेजात, एवड्या शिकलेल्या मानसांत, मी अळणी आमसुला धाडली! लाज वाटली हो. म्हणून दिवाळीनंतर मीठ लावून, रसात सात-सात वेळा बुडवून वाळवलेली, चांगली निवडून धाडली. दर खेपेला." मग तिने भीत भीत विचारलं, "का हो? मीठ कमी पडला काय?"

दारात उभी असलेली मानसी पायरीवर मटकन बसली.

काकांनी वाकून चटईवरचं, मीठ लागलेलं एक साल उचललं. तिथे पाटी नव्हती. त्यांनी ते तोंडात टाकलं, सावकाश चावलं.

"मीठ बरोबर हाय, वैनी!"

*

परतीच्या वाटेवर मी ठरवलं, आता बोलायचंच. मोटरसायकल उताराला लागली होती, वारा कानात.

"काका, माझं चुकलं!"

"काय?"

"चुकलं माझं! पाण्याचं!"

"पानी होवा? फुडं वळणावर हिर हाय!"

"पाणी नको! माफी मागतोय मी!"

समोरून वाळूचा ट्रक आला. मी कशीबशी गाडी कडेला घातली. धुरळा खाली बसला. मी हेल्मेट काढून मागे वळलो, आता तरी समोरासमोर बोलावं म्हणून.

काकांनी चष्मा पुसला. "सर, आदी गाडी नीट चालवा. मला रिटायर व्हयाचाय."

ऐकू आलं होतं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

*

अळणी आमसुलं घेऊन मानसीने प्रयोग एकदा नाही, तीनदा केला. तिन्ही वेळा तपकिरी, तिन्ही वेळा चारशेवीसच्या शेजारी! रिपोर्ट छापून झाला. पण ते तिन्ही प्रयोग कॅनच्या पाण्यात झाले. मानसी दोनदा काकांकडे बाटली घेऊन गेली. "त्या इकतचाच बरा," काका म्हणाले. यंत्रावरचा पंचा निघाला नाही.

मे महिन्याची एकतीस तारीख. बारा वाजता हॉलमध्ये काकांचा निरोप समारंभ होता. अकराला मी लॅबमध्ये आलो तर जगताप मॅडम आणि मानसी यंत्रापाशी उभ्या होत्या. पंचा घडी करून बाजूला ठेवलेला. काच गरम होती. काका नवा पांढरा शर्ट घालून, पहाटेची पहिली गाडी धरून आले होते आणि नंतर लाईट जाईपर्यंत पाणी काढत बसले होते.

त्यांनी एक लहान बीकर माझ्या टेबलावर ठेवला. निम्मा भरलेला. शेजारी सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली.

"सर, त्या दिवशी तुमी बगितलात नाय," ते म्हणाले. "आज बगा. मग मी जातो."

एवढंच. आवाज चढलेला नाही, काही नाही. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. ज्या माणसाने मला ही लॅब दाखवली, त्याला आज जाता जाता माझ्यापुढे परीक्षा द्यावी लागत होती, आणि ती वेळ मी आणली होती.

मी ड्रॉपर घेतला. एक थेंब. दोन थेंब.

पाणी जसंच्या तसं. मागच्या भिंतीवरची माझी पाटी त्यातून वाचता येत होती.

"बगा नीट," काका म्हणाले. "वाकून बगा."

मी वाकलो. पंखे बंद, मे महिन्याची काहिली, शर्ट पाठीला चिकटलेला. चष्म्याखालून काहीतरी ओघळलं आणि टपकन बीकरमध्ये पडलं.

पाण्यात पांढरा ढग उठला. लहानसा, हळूहळू पसरत गेला.

मानसीने तोंडावर हात ठेवला. जगताप मॅडम घाईघाईने म्हणाल्या, "घाम असेल, सर. उकाडा किती आहे!"

काकांनी बीकर उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"सर, ह्या मीठ माज्या पान्यातला नाय," ते म्हणाले. बीकर त्यांनी जपून टेबलावर ठेवला आणि दाराकडे गेले.

"चला, चाय निवता!"